कोरडी विहीर, शून्य मीटर

ती गेल्यावर आमच्या सेंटरच्या सरांनी मला सांगितलं, ‘तिच्यावर दोन शब्द लिहून दे. फोटोखाली लावू. तुम्ही दोघी मैत्रिणी होतात.’

आम्ही मैत्रिणी नव्हतो. चार वर्षं एका खोलीत, एकमेकींकडे पाठ करून बसलो. ती मला सहन करत नव्हती आणि मी तिला. ती गेली म्हणून आता मागे जाऊन त्यात साखर घालायची माझी इच्छा नाही. सरांना मी दोन शब्द दिले नाहीत. हे लिहायला घेतलं. ते फार हळू झालं, आणि फोटोखाली लावण्यासारखं झालं नाही.

सांगायची गोष्ट एकच आहे. एका उन्हाळ्यात तिच्या गावाला पाण्याचा टँकर अठरा दिवस उशिरा गेला. टँकरच्या यादीत काय चूक आहे हे ती यादी छापली त्याच दिवशी मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सरांचं कॉम्प्युटर सेंटर नगरला दिल्ली गेटजवळ एका चपलांच्या दुकानाच्या वर होतं. सकाळ-संध्याकाळ मुलामुलींचे क्लास, आणि दुपारी बाहेरची कामं: शाळांचे निकाल, दूध संघाच्या याद्या, एखाद्या सरकारी खात्याची छपाई. मशिनं तीन होती, त्यातलं एकच धड. त्यावर कोण बसणार यावरून आमचं पहिलं भांडण झालं, ती आली त्याच आठवड्यात.

ती पाथर्डीकडची. बी.एस्सी. झालेली, दोन्ही भाषांचं टायपिंग येणारी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. वडील नव्हते. आई गावात एकटी राहायची. दर शनिवारी ती एसटीने गावी जायची आणि सोमवारी सकाळी पायांवर फुफाटा घेऊन थेट सेंटरला यायची. तिचा आवाज जिन्यातून आधी वर यायचा. ती कीबोर्डवर बोटं आपटायची. दिवसभर बडीशेप चघळायची. आणि तिचं काम झपाट्याचं होतं. मला ज्याला एक दिवस लागायचा ते ती जेवणाच्या सुट्टीआधी उरकायची. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग कशाचा होता, तर याचा.

मी एका हायस्कूलच्या ग्रंथपालाची मुलगी. बोलण्याची सवय नाही, वाचायची आहे. ती क्लासच्या मुलींना सांगायची, ‘ही बाई शिंकायच्या आधी पुस्तकात बघती.’ मुली हसायच्या. मी काही बोलत नसे. माझ्या गप्प बसण्याला लोक सालसपणा म्हणत आले आहेत. तो सालसपणा नव्हता.

पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मावसभावाने एका पुस्तकाची झेरॉक्स आणून दिली होती. आमच्याकडे सगळं काम सी भाषेत चालायचं. त्या पुस्तकात वेगळ्याच धर्तीच्या भाषा होत्या. त्यांत प्रोग्राम म्हणजे हुकुमांची यादी नव्हती. छोटी छोटी फंक्शनं होती, प्रत्येकाने काही घ्यायचं, त्यावर आपलं काम करायचं आणि उत्तर हातावर ठेवायचं, पाठीमागे काही करायचं नाही. आणि उत्तर नसेल तर तेही सांगायचं. सीमध्ये आम्ही काय करायचो? उत्तर नसलं की फंक्शन शून्य द्यायचं, नाहीतर उणे एक. ते खरं शून्य आहे की ‘माझ्याकडे काही नाही’ असं सांगणारं शून्य आहे, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवायचं. कोणी ठेवत नसे. एका शाळेच्या निकालात परीक्षेला न बसलेली मुलं आमच्याकडून शून्य गुणांनी नापास होऊन गेली होती.

मी त्या झेरॉक्सवरून सीमध्ये एक छोटी लायब्ररी लिहिली. छापली तर जेमतेम दोन पानं. तिचं नाव ठेवलं डबा. प्रत्येक फंक्शनने आकडा सुटा द्यायचा नाही, डब्यात घालून द्यायचा. डब्यात एक तर आकडा असेल, नाहीतर आकडा का नाही हे लिहिलेली चिठ्ठी. ‘पुढे’ नावाचं एक फंक्शन होतं. ते डबा घ्यायचं. आत आकडा असेल तर पुढच्या कामाला द्यायचं, चिठ्ठी असेल तर कुणालाही हात लावू न देता ती तशीच शेवटपर्यंत पोचवायचं. फूट वाचा, मीटर करा, गेल्या वर्षाशी ताडून पाहा, अशी चार कामं एकापाठोपाठ लावली आणि पहिल्यातच आकडा मिळाला नाही, तर बाकीची तीन उगाच खोट्या आकड्यावर राबत नसत. शेवटी चिठ्ठी हातात यायची: आकडा नाही, कारण हे.

मला ते फार आवडलं होतं. माझ्या हातून त्या वयात झालेली ती एकच नीट गोष्ट होती, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

तिने पहिल्या दिवशी ते चालवून पाहिलं आणि खुर्ची वळवून म्हणाली, ‘आकडा दे म्हटलं तर चिठ्ठी देतंय. पोस्टात नोकरी लावू का याला?’

‘आकडाच नसेल तर चिठ्ठी देणारच.’

‘अगं पण लोक पैसे आकड्याचे देत्यात. तुझ्या चिठ्ठ्या कोण वाचणार?’

मार्चमध्ये विहिरींचं काम आलं. एका खात्याने तालुक्यांतल्या ठरावीक विहिरींची पाहणी केली होती. मोजणीदार गावोगाव जाऊन विहिरीत टेप सोडायचे आणि जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते फॉर्मवर लिहायचे. फॉर्मवर गावाचा क्रमांक, विहिरीचा क्रमांक, खोली आणि शेवटी शेरा. आम्ही ते सगळं भरून, ज्या गावाचं पाणी सगळ्यात खोल ते वर, अशी यादी छापून द्यायची होती. वरच्या दोन पानांतल्या गावांना टँकर लवकर. त्या वर्षी पाणी सगळीकडेच खाली गेलेलं, त्यामुळे त्या यादीत आपण कुठे आहोत हे गावांच्या दृष्टीने काय होतं ते सांगायला नको.

फॉर्म तिने भरले. प्रोग्राम दोघींचा होता. वाचण्याचं आणि हिशोबाचं माझं, छपाईचं तिचं. पहिली यादी निघाली तेव्हा शेवटी अकरा गावं वेगळी आली, खोलीच्या जागी चिठ्ठी असलेली. पंपाच्या खोलीला कुलूप. मालक लग्नाला गेलेला. कठडा पडका, जवळ जाता येत नाही. एके ठिकाणी कुत्रं. आणि सात ठिकाणी मोजणीदाराने खोलीच्या रकान्यात रेघ ओढून शेऱ्यात एकच शब्द लिहिला होता: कोरडी. पाणीच नाही तर पाण्याची खोली तो काय लिहिणार?

ती यादी घेऊन खात्यात गेली आणि तासाभराने परत आली. आली ती फाइल माझ्या टेबलावर आपटत.

‘साहेबानं अंगावर फेकली. म्हणाला, हा अहवाल हाय का भांडणाचा कागद? कुलूप हुतं, कुत्रं हुतं! मला म्हणाला, बाई, कुत्र्याला किती मीटर लिहू?’

संध्याकाळच्या क्लासच्या मुली आल्या होत्या. त्या हसल्या.

‘साहेबांना सांगायचं, आकडा नाही म्हणून,’ मी म्हटलं.

‘तू सांग की! तू जा. तुझी वाचा बसलेली असती नेहमी, जाऊन उभी राहा त्यांच्यासमोर.’

आतल्या केबिनमधून सर म्हणाले, ‘हे बघा, रकाना मोकळा दिसता कामा नये. सरकारी कागद आहे. मोकळा दिसला की काम झालं नाही असं धरतात.’

सर म्हणाले ते खोटं नव्हतं. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत मोकळा रकाना हा ज्याने ठेवला त्याचा गुन्हा असतो. त्यामुळे तो कोणी ठेवत नाही. रेघ मारतात, ‘वरीलप्रमाणे’ लिहितात, शून्य लिहितात. माझे वडील शाळेच्या ग्रंथालयात दरमहा पत्रक भरायचे. हरवलेली पुस्तकं किती हे न मोजताच दर महिन्याला शून्य. तपासणीला येणाऱ्यांना ते शून्य पाहून बरं वाटायचं. मी ते लहानपणापासून पाहिलेलं.

ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि मुलींकडे बघत म्हणाली, ‘एवढी पुस्तकं वाचलीस. रिकामा डबा भरायचा कसा हे एकात पण न्हाई का? का नुसती, डबा रिकामा का याची पोथी लावायची, बायांनो बसा, दुसरा अध्याय!’

मुली आता तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. एक तर मला आवडणारी, मन लावून शिकणारी मुलगी होती. तीही.

मी मशीनकडे वळले आणि लायब्ररीत एक नवीन फंक्शन घातलं. नाव ठेवलं ‘नाहीतर’. डबा उघडायचा, आकडा असेल तर तो, नाहीतर आपण सांगू तो. चिठ्ठी फेकून द्यायची. दहा मिनिटांचं काम. त्या पुस्तकात ते होतंच, मी आधी मुद्दाम घेतलं नव्हतं.

‘रिकामा निघाला तर काय देऊ?’ मी विचारलं.

‘शून्य दे. अजून काय देणार, सत्यनारायणाचा प्रसाद?’

त्या क्षणी मला दिसलं. इथे लपवण्यात अर्थ नाही. पावसाचं शून्य म्हणजे पाऊस नाही. गुणांचं शून्य म्हणजे गुण नाहीत. पण हा आकडा पाणी जमिनीपासून किती खाली आहे त्याचा होता. शून्य मीटर खाली म्हणजे पाणी काठाला लागलेलं. सात कोरड्या विहिरी तिच्या एका शब्दाने तुडुंब भरणार होत्या.

मी मान वर केली. ती अजून मुलींकडे बघून हसत होती. मी शून्य टाइप केलं आणि उठले.

नंतर माझ्या मनाशी मी बरंच काही बोलले आहे. की साहेबांच्या लक्षात येईलच. की एप्रिलच्या तोंडावर काठोकाठ भरलेली विहीर नगर जिल्ह्यात कोणी मान्य करेल का? की साहेब तिला बोलावतील, सगळ्यांसमोर विचारतील, बाई, या विहिरीत पोहायला येऊ का, आणि मग तिला कळेल चिठ्ठ्या कोण वाचतं ते. हे शेवटचं खरं होतं. मला तिची फजिती पाहायची होती. बाकीचं नंतर रचलेलं.

साहेबांच्या लक्षात आलं नाही. यादी खोलीप्रमाणे लावलेली, त्यामुळे शून्यवाली अकरा गावं शेवटच्या पानाच्या अगदी तळाला गेली. टँकर देणाऱ्या माणसाला पहिली दोन पानं बघायची असतात. शेवटचं पान कुणी उलटत नाही. छपाईत गावांची नावं नव्हती, क्रमांक होते. ते कुठल्या गावांचे हे तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी शोधायचा प्रयत्न केला नाही. पहिली यादी, चिठ्ठ्यांची, मी माझ्या खणात ठेवली.

साहेबांनी यादी ‘छान’ म्हणून ठेवून घेतली. ती आनंदात होती. येताना पेढे घेऊन आली आणि मलाही एक दिला. मी खाल्ला.

टँकर सुरू झाले. पुढच्या शनिवारी ती गावी गेली आणि सोमवारी आली तेव्हा जिन्यात तिचा आवाज आला नाही. ती खुर्चीवर बसली. पाणी प्यायली. मग सरांना म्हणाली, ‘आमच्या गावाला टँकर न्हाई.’

‘येईल की. पाळी असेल पुढची,’ सर म्हणाले.

‘पाळीतच न्हाई. तलाठी म्हणतो, यादीत तुमचं गाव शेवटून तिसरं हाय. म्हणतो, तुमच्या विहिरीला पाणी हाय. विहिरीत उंदीर खेळतोय, सर. आमी लहानपणी जिथं पोहायचो तिथं उंदीर खेळतोय.’ मग माझ्याकडे वळली. ‘असं कसं झालं असंल गं?’

पहिल्यांदा ती मला काही खरोखर विचारत होती. आवाजात टोमणा नव्हता. मी खण उघडला आणि ती पहिली यादी काढून तिच्यासमोर ठेवली.

ती वाचायला लागली. वाचण्यात ती फास्ट होती, पण हे तिने बोट ठेवून वाचलं. कुलूप. मालक लग्नाला. कुत्रं. कोरडी. कोरडी. गावाचे आणि विहिरीचे क्रमांक तिने तलाठ्याकडून एका चिठोऱ्यावर आणले होते. ते शेजारी धरले. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

‘कोरडी,’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ‘शून्य मीटर.’

मी खण बंद केला.

‘तुला माहीत हुतं?’

‘हो.’

‘कधीपासनं?’

‘तू शून्य म्हणालीस तेव्हापासून.’

सर काहीतरी बोलत होते, दोघींपैकी कोणी ऐकत नव्हतं. मला वाटलं ती हात उचलेल. उचलला असता तर सोपं झालं असतं. तिने यादीची घडी केली, पर्समध्ये घातली आणि म्हणाली, ‘चला मॅडम. हापिसात जाऊ.’

तोपर्यंत ती मला ‘अगं’ म्हणायची, ‘तू’ म्हणायची. त्या दिवसापासून मी मॅडम झाले, ती मरेपर्यंत.

खात्याच्या कचेरीत साहेब चहा पीत होते. तिने दोन्ही याद्या समोर ठेवल्या. साहेबांनी चष्मा लावून पाहिलं.

‘पण बाई, ही कॉम्प्युटरची यादी आहे. कॉम्प्युटर कसा चुकेल?’

‘कॉम्प्युटर न्हाई चुकला साहेब. मी चुकले. जिथं मोजमाप नव्हतं तिथं मी शून्य टाकलं. सात गावं कोरडी हायेत त्यात. माझ्या हातनं चूक झाली.’

ती ‘मी’ म्हणाली. दोनदा म्हणाली. मी तिच्या शेजारी, हातभर अंतरावर होते. आता बोलायचं होतं. साहेब माझ्याकडे बघतसुद्धा होते, ही दुसरी कोण म्हणून. मी टेबलावरच्या याद्यांकडे बघत राहिले. पुस्तकातली माणसं अशा वेळी बोलतात.

‘आता यादी वर गेली,’ साहेब म्हणाले. ‘असं तोंडी बदलता येत नाही. फेरमोजणी लागेल. मोजणीदार जाईल, त्याचा अहवाल येईल, मग बघू.’

‘कोरड्या विहिरीची काय फेरमोजणी करणार साहेब?’

‘पद्धत आहे बाई. आणि रकाना भरताना डोकं वापरायचं होतं.’

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘वापरायचं हुतं.’

परत येताना ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती. चितळे रोडच्या गर्दीत एकदा थांबली, मी जवळ आल्यावर न वळता म्हणाली, ‘तुम्ही माझ्यावर सूड उगवला असता तर मी काही बोलले नसते, मॅडम. माझी जीभ तशीच हाय. पण माझ्यावर उगवायचा हुता, गावावर न्हाई.’ आणि पुढे गेली.

अठरा दिवस लागले. त्यात दोन सोमवार आले. दोन्ही सोमवारी ती सरांना गावाकडचं सांगायची, मला ऐकू जाईल अशा आवाजात. बाया ओढ्यात खड्डे खणून वाटीने पाणी काढतायत. तिची आई पहाटे तीन कळशांसाठी निघते ती ऊन चढल्यावर येते. आणि गावाला कळलं होतं की यादी कुठे झाली. ती आपल्याच गावची मुलगी, ‘कंप्युटरवर’ बसते. एसटीतून उतरली की चावडीवरून हाक यायची, ‘ओ कंप्युटरवाल्या बाई, हीर भरलीय म्हनं आपली! पोहायला चला की!’ तिची आई खड्ड्यापाशी रांगेत असली की बाया तिला मागे सारायच्या: ‘तुला काय घाई, तुझी लेक मशिनीतनं पाठवील.’

हे ती सांगायची तेव्हा तिची पाठ माझ्याकडे असायची. मी माझं काम करत राहायचे. तिने गावात सांगितलं असतं की चूक दुसरीने पाहिली होती, गप्प बसली, तर निम्मी शिवीगाळ माझ्याकडे वळली असती. तिने सांगितलं की नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारणार कशी?

टँकर गेला त्या आठवड्यात तिने माझी लायब्ररी उघडली. मला न विचारता. ‘नाहीतर’ पुसून टाकलं. लगेच प्रोग्राम सतरा ठिकाणी अडला, कारण तोपर्यंत आम्ही दोघींनी सगळीकडे तेच वापरायला सुरुवात केली होती. शाळांच्या निकालात, दूध संघाच्या फॅटमध्ये. सतरा ठिकाणी कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागेत आम्ही गुपचूप काहीतरी भरत होतो. ती एकेक जागा घेऊन बसली. प्रत्येक ठिकाणी, डबा रिकामा निघाला तर इथे खरं काय करायचं, हे ठरवायला लागायची आणि ठरेपर्यंत पुढे जायची नाही. अडलं की मला विचारायची. ‘मॅडम, फॅट मोजलाच न्हाई तर दूध परत पाठवायचं का थांबवायचं?’ मी सांगायचे. ती लिहायची. आभार नाहीत, टोमणा नाही. टोमण्यांची मला इतकी सवय होती की त्यांच्याशिवाय खोलीत बसवत नसे.

पुढच्या तीन वर्षांत त्या दोन पानांची पाच पानं झाली, आणि वाढलेली तीन तिची. माझ्या डब्यात पहिली चिठ्ठी मिळाली की काम थांबायचं. तिने ‘गोळा’ म्हणून एक फंक्शन लिहिलं: सगळे डबे तपासायचे, जेवढ्या चिठ्ठ्या सापडतील तेवढ्या एकत्र बांधून द्यायच्या, म्हणजे मोजणीदाराला एकाच खेपेत सांगता येतं की इथे कुलूप, तिथे कठडा, परत जा. ते माझ्याहून चांगलं होतं. मी तिला तसं म्हटलं नाही. पुढच्या वर्षीची विहिरींची यादी चिठ्ठ्यांसकट गेली. साहेब ओरडले. ती त्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली आणि चिठ्ठ्या एकेक करून मोठ्याने वाचून दाखवल्या, कुत्र्यासकट. अकराव्या चिठ्ठीला त्यांनी सही केली. हे मी सरांकडून ऐकलं. मला तिने सांगितलं नाही.

मग पावसाळ्यात तिला कावीळ झाली. ती अंगावर काढत राहिली. डोळे पिवळे झालेले मला दिसत होते. चार-पाच दिवस दिसत होते. ‘डॉक्टरकडे जा’ म्हणायला मला काय लागलं असतं? मी सरांना म्हटलं, त्यांनी तिला सुट्टी दिली, ती गावी गेली. तिथून तिला नगरला सिव्हिलला आणलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. एकतिसाव्या वर्षी गेली.

दहाव्याला मी तिच्या गावाला गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. सर येणार होते, आले नाहीत. विधी विहिरीपासून थोड्या अंतरावर, ओढ्याच्या काठी झाला. ओढ्याला तेव्हा पाणी होतं. लोक सावलीला बसले होते. कोणी तिच्या शिक्षणाचं सांगत होतं, कोणी तिच्या जिभेचं. पटकेवाला एक म्हातारा माझ्या शेजारच्याला म्हणाला, ‘पोरगी गुनाची हुती. पन त्या सालाला हिच्यामुळं आपला टँकर ऱ्हायला. अठरा दिस.’ शेजारचा हसला. ‘हीर भरली हुती ना आपली!’ आणखी दोघे हसले, वाईट मनाने नाही. गावात ती गंमत झाली होती.

मी म्हणाले, ‘तिच्यामुळे नाही.’

ते माझ्याकडे बघायला लागले. मी जरा मोठ्याने म्हणाले, ‘तिने शून्य टाकायला सांगितलं, ते घाईत. त्याने काय होणार हे तिला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. मी तिच्याशेजारी कामाला होते. मी सांगितलं नाही.’

‘का?’ म्हाताऱ्याने विचारलं.

‘आमचं पटत नव्हतं.’

हे ऐकून कोणी रागावलं नाही. त्यांना ते नीट समजलं असंही वाटलं नाही. म्हातारा म्हणाला, ‘आता काय त्याचं. पानी तर आलं नंतर,’ आणि तंबाखू मळायला लागला. मी उठून तिच्या आईकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. भोवतीच्या बायांनी माझ्यासाठी जागा केली. मी तिला तेच सगळं पुन्हा सांगितलं, सुरुवातीपासून, मुलींच्या हसण्यापासून, पेढ्यासकट. तिने मधे कुठे अडवलं नाही.

संपल्यावर ती म्हणाली, ‘मला ठावं हाय. तिनं सांगितलं हुतं मला, तवाच.’

‘मग तुम्ही गावात का नाही सांगितलं? लोक तुम्हाला रांगेत मागे ढकलायचे.’

‘तिनं शपथ घातली. म्हनली, आई, त्या बाईला एकदा तरी सोताच्या तोंडानं बोलू दे. तू बोललीस की ती सुटली.’ तिने पदराने नाक पुसलं. ‘लई वाट बघितली तिनं. दर सोमवारी जाताना म्हनायची, आज बोलंल. मी म्हनायची, न्हाई बोलायची ती.’

एक बाई तिला हळूच म्हणाली, ‘आली ना पन बोलायला, बोलली ना.’

‘बोलली,’ आई म्हणाली. ‘कुनाला?’

मग तिने तोंड भिंतीकडे केलं. मी बसून राहिले. थोड्या वेळाने त्याच बाईने माझ्या खांद्याला हात लावून सांगितलं की चारची एसटी फाट्यावरून मिळते आणि फाटा लांब आहे, आता निघालेलं बरं.